जुळी फांदी

अभिप्रायाच्या अर्जात बारा प्रश्न होते आणि आसावरी कुरणे सातव्यावर अडकली होती. ‘सहा महिन्यांच्या नियमित वापरानंतर तुमच्या कामात सर्वांत मोठा फरक कोणता पडला?’

उत्तर तिला ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या अर्जात तिनं ते दिलंही होतं: ‘पारंबीमुळे मला जुना मजकूर उघडून पाहावाच लागत नाही.’ पारंबी बनवणाऱ्यांना ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते तिच्या फोटोसह आपल्या पानावर टाकलं. आता तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत कसं लिहायचं, एवढाच प्रश्न होता.

पारंबी म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा संपादक. पूर्वी संगणकाला द्यायच्या सूचना एकाखाली एक, हजारो ओळींत, लांबच लांब लिहिल्या जात. पारंबीत त्या झाडासारख्या दिसत. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या, आणि प्रत्येक फांदीवर साध्या मराठीत एक शीर्षक: ‘दारं बंद करणे’, ‘वजन मोजणे’, ‘वेग कमी करणे’. शीर्षकावर बोट ठेवलं की फांदी उघडे आणि आतल्या सूचना दिसत. नाही ठेवलं तर सगळं घडी घालून ठेवलेलं. तीस हजार ओळींचा पसारा एका पडद्यावर मावत असे.

त्यात आणखी दोन सोयी होत्या. पहिली जुळ्या फांद्यांची. झाडात दोन ठिकाणी जवळपास सारखाच मजकूर असला की पारंबी विचारी, ‘या दोन फांद्या जुळ्या करू?’ हो म्हटलं की दोन्हीकडे एकच फांदी राही. एकीकडे दुरुस्ती केली की दुसरीकडे आपोआप होई. दुसरी सोय होती सवयीची. पारंबी तुमच्या हाताखाली राहून शिकत असे. एखाद्या प्रश्नाला तुम्ही पन्नास वेळा एकच उत्तर दिलंत, की एक्कावन्नाव्या वेळी ती विचारायची थांबे आणि तुमचं उत्तर तीच देऊन टाके. ही सोय मुद्दाम चालू करावी लागत असे. आसावरीनं ती दुसऱ्याच महिन्यात चालू केली होती.

ती ज्या कंपनीत होती ती कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतली, चाळीस माणसांची. डोंगरगाड्यांची नियंत्रणयंत्रणा बनवणं हे तिचं काम. दरडींनी घाटरस्ते दरवर्षी तुटू लागले, एकदा दुरुस्त केलेला रस्ता पुढच्या आषाढाला पुन्हा दरीत जाऊ लागला, तेव्हा सरकारनं कित्येक ठिकाणी रस्त्याचा नाद सोडला आणि डोंगराच्या उतारावर सरळ रूळ टाकले. वर एक मोठं चक्र, त्याला पोलादी दोर, दोराला एक डबा. डबा वर ओढायचा, खाली सोडायचा. सह्याद्रीत अशा नऊ गाड्या चालू झाल्या होत्या आणि त्यांतल्या चारांचा मेंदू या कंपनीनं बनवला होता.

दहा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी तिच्या फोनवर पाच मिनिटांपूर्वी आलेला निरोप तिनं पाहिला. त्या चारांपैकी मोरसड्याच्या गाडीवरच्या दाजी पाष्ट्यांचा होता. पाष्टे डब्यात उभे राहून दारं लावायचे, फेरी सोडायचे, उतारूंना हाताला धरून उतरवायचे.

‘मॅडम, आज गाडी खाली टेकताना दणका देतेय. सकाळपास्नं दोनदा झालं. माणसं कमी होती म्हणून निभावलं. अकराची फेरी फणसांची, फुल्ल असते. बघून सांगा.’

मोरसड्याच्या गाडीत आसावरीनं कालच एक दुरुस्ती केली होती. वर जाताना शेवटचे वीस मीटर गाडी फार रेंगाळते, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून वरच्या स्थानकाआधी वेग कमी करायला वीसऐवजी अठरा मीटरवर सुरुवात करायची, इतकीच ती दुरुस्ती. सकाळी साडेआठला रिकाम्या डब्याची चाचणी झाली, सगळं बरोबर आलं, नऊला गाडी सुरू. खालच्या स्थानकाला तर तिनं हातही लावला नव्हता.

‘खालच्या धक्कारोधकाच्या स्प्रिंगा तपासा’, असं तिनं टाइप केलं. पाठवायच्या आधी, केवळ शिस्त म्हणून, पारंबी उघडली. ‘खालच्या स्थानकाआधी वेग कमी करणे’, शीर्षक जागच्या जागी होतं. ही फांदी तिनं शेवटची कधी उघडली होती? तिला आठवेना. तिनं बोट ठेवलं.

आत अठरा मीटर लिहिलं होतं.

तिला आधी वाटलं, आपण चुकून वरच्या स्थानकाची फांदी उघडली. तिनं शीर्षक पुन्हा वाचलं. खालचंच. बाजूला एक बारीकशी खूण होती, दोन पानं एका देठावर. जुळी फांदी.

 वर जाताना गाडी थांबवायला डोंगरच मदत करतो. जोर काढून घेतला की ती आपोआप मंदावते. खाली येताना डोंगर उलट ढकलत असतो. रिकामा डबा असला तर चक्र त्याला अठरा मीटरांत आवरू शकतं, म्हणून तर चाचणी पार पडली. पण पन्नास माणसं आणि त्यांचं सामान घेऊन सेकंदाला सहा मीटर वेगानं उतरणाऱ्या डब्याला आवरायला साठ मीटर लागतात. तिला शिकवणाऱ्या हुक्केरी सरांनी म्हणूनच त्या दोन फांद्या वेगळ्या लिहिल्या होत्या. आकडा सोडला तर दोन्ही जवळजवळ अक्षरशः सारख्या. भरलेली गाडी अठरा मीटरांवर ब्रेक लावू लागली तर ती खालच्या भिंतीवर ताशी अठरा किलोमीटरनं जाऊन आदळणार होती. आणि जास्त वेग झाला की रूळ पकडणारी जी वेगळी कळ असते, ती गप्प राहणार होती, कारण तिच्या लेखी गाडीचा वेग कुठेही जास्त नव्हता.

तिनं पाष्ट्यांना फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...’ पुन्हा लावला. तेच. डब्यात फोन लागत नसे हे तिला माहीत होतं. तिनं कार्यालयातूनच गाडीला कुलूप घालायचा आदेश शोधला. ‘फेरी रोखणे’वर बोट ठेवायला आणि पडद्यावर मोरसड्याचा ठिपका हलायला एकच गाठ पडली.

दहा वाजून सत्तावन्न मिनिटं. डबा भरला होता आणि पाष्ट्यांनी तो तीन मिनिटं आधीच सोडला होता.

चौदाशे मीटर. चार मिनिटं, त्याहून थोडी कमी.

धावत्या गाडीचा प्रोग्रॅम बदलता येत नसे. ते बरोबरच होतं, ते तिनंच लिहिलं होतं. करता येत होत्या फक्त दोन गोष्टी. एक, आणीबाणीची पकड: रुळांना पोलादी जबडे बसत आणि गाडी दोन सेकंदांत जागेवर. पण आत माणसं उभी होती. फणसांनी भरलेल्या पाट्या पायांशी होत्या. सहा मीटरवरून एकदम शून्य म्हणजे पन्नास माणसं पुढच्या काचेवर जाऊन पडणार. दुसरी गोष्ट, कमाल वेग. सहाचा दोन केला तर गाडी वाटेतच मंदावेल आणि मग अठरा मीटर पुरतील.

तिनं ‘कमाल वेग पाळणे’ ही फांदी शोधली आणि तिचा हात थांबला. तिच्या शीर्षकाशेजारीही ती दोन पानं होती.

कशाची जुळी? केव्हा झाली? आत आता कुणाचा मजकूर होता? ही फांदीही तिनं महिनोन् महिने उघडली नव्हती. शीर्षक सांगत होतं, की वेग पाळला जाईल. पण शीर्षक काय, खालच्या स्थानकाच्या फांदीवरही बरोबरच होतं.

ती फांदी मुळात कशी होती, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाशी ती दोन महिने बोलली नव्हती.

विरूपाक्ष हुक्केरी या कंपनीत सव्वीस वर्षं होते. आसावरीला त्यांनीच शिकवलं होतं, अगदी पहिल्या दिवसापासून, शेजारी खुर्ची ओढून. पारंबी आली तेव्हा ते एकटेच अडून बसले. “झाड दिसतंय छान,” ते म्हणाले होते, “पण पानं कोण मोजणार?” तिच्या त्या गाजलेल्या अभिप्रायानंतर मालक मगदूम साहेबांनी पारंबी सगळ्यांना सक्तीची केली. त्या बैठकीत सरांनी विरोध केला, तेव्हा सर्वांदेखत आसावरी बोलून गेली होती, “सर, राग मानू नका, पण तुम्हाला नव्या यंत्राची भीती वाटते.”  महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी ती चाचणीचं निमित्त काढून बाहेरगावी गेली होती.

पहिल्यांदा रिंग वाजून वाजून बंद झाली. तिनं पुन्हा लावला.

“बोल,” पलीकडून आवाज आला.

“सर, मोरसड्याची गाडी भरून खाली येतेय. खालची ब्रेकची फांदी वरच्याशी जुळी झालीय, साठचे अठरा झालेत. मला कमाल वेग कमी करायचाय, पण त्या फांदीलाही जुळीची खूण आहे. आत काय आहे ते...”

“किती वेळ आहे?”

“तीन मिनिटं. कमीच.”

“उघड. मोठ्यानं वाच.”

तिनं वाचायला सुरुवात केली.  पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कोणता आकडा कुठून घ्यायचा, कुणाशी तोलायचा, चक्राला काय सांगायचं. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. पडद्यावर ठिपका सहाशे मीटरवर आला होता.

“थांब. पाचवी पुन्हा.”

तिनं पुन्हा वाचली.

“हं. पुढे.”

सहावी. सातवी. नववी.

“माझंच आहे,” सर म्हणाले. “पावसात रूळ ओले असले की लावायला लिहिलं होतं. कशाशी जुळवलंय कुणास ठाऊक, पण आतलं शाबूत आहे. आता ऐक. एकदम दोनवर नेऊ नकोस. एवढा लांब दोर आहे, डबा झोके घेईल. आधी चार कर. तो स्थिर झाला की दोन.”

तिनं चार टाकला. ठिपका सातशे, साडेसातशे. आकडा सहावरच. मग पाच पूर्णांक आठ. पाच पूर्णांक चार. 

“उतरतोय, सर.”

“चारला टेकू दे.”

चार. ती मनात दहापर्यंत मोजत राहिली. दोर शांत झाल्याचं पडद्यावरची रेघ सांगू लागली. तिनं दोन टाकला आणि आदेश पाठवला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. ‘दुवा तुटला. पुन्हा जोडत आहे.’

“सर, उपग्रहाचा दुवा गेला.”

“पुन्हा पाठव.”

“पाठवतेय. जातच नाही.”

त्यापुढचं दीड मिनिट तिला पुढे कधीच नीट आठवलं नाही. बोट एकाच जागी आपटत राहिलं होतं आणि फोनमधून सर “पाठवत राहा, पाठवत राहा” म्हणत होते, एवढंच. दुवा परत आला तेव्हा ठिपका खालच्या स्थानकात उभा होता. वेग शून्य.

अकरा वाजून सात मिनिटांनी पाष्ट्यांचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता.

“मॅडम, गाडी आदळली हो! काच फुटली. फणस सगळे पुढं. वाटेत आपोआप हळू झाली म्हणून बरं, नाहीतर...”

“माणसं? पाष्टे, माणसं कशी आहेत?”

“खरचटलंय बऱ्याच जणांना. सुगंधाकाकीचा खांदा गेलाय. बाकी उभे आहेत सगळे.”

आसावरीनं गाडी बंद ठेवायला सांगितलं, तसा आदेश लावला. मग ती सरांच्या फोनवर परतली. हुक्केरी सरांनी फोन ठेवलेला नव्हता.

“मी येतो,” ते म्हणाले.

दुपारी दोघं मगदूम साहेबांच्या गाडीतून मोरसड्याच्या पायथ्याशी तळकोंडला गेले.  तालुक्याच्या दवाखान्यात सुगंधा गोताड खाटेवर बसून होत्या. साठीच्या, काटक, उजवा हात गळ्यात बांधलेला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. आसावरीनं आपण कोण ते सांगितलं.

“म्हंजे गाडी तू चालवतेस? हिथनं दिसत न्हाईस कधी.”

“मी चालवत नाही, काकी. गाडीनं कधी काय करायचं ते मी लिहून ठेवते.”

“मग आज काय लिवलं व्हतंस?”

आसावरीनं सांगितलं. वर जाणं आणि खाली येणं यांसाठी दोन वेगळे नियम होते. ते एकसारखे दिसत होते म्हणून यंत्रानं एक करून टाकले, आणि आपण उघडून पाहिलं नाही. काकींनी सगळं ऐकून घेतलं.

“एकसारखं दिसतं?” त्या म्हणाल्या. “चढताना गुडघं बोलतात आन् उतरताना मांड्या. ह्ये कुनीबी सांगंल.” मग त्यांनी तोंड फिरवलं. “फणसाचा हंगाम आठ दिस ऱ्हायलाय. माझ्या झाडावरनं आता कोन उतरवनार?”

  आसावरी निघाली तेव्हा काकींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुक्केरी सर कंपनीत आले. आपल्या जुन्या जागेकडे न जाता त्यांनी आसावरीच्या शेजारी खुर्ची ओढली. चारही डोंगरगाड्या बंद ठेवल्या होत्या. ठरवलं ते सोपं होतं आणि कंटाळवाणं: प्रत्येक फांदी उघडायची, शेवटच्या पानापर्यंत जायचं, मोठ्यानं वाचायचं. अकराशे चाळीस फांद्या होत्या.

आधी त्यांनी जुळ्या झालेल्या फांद्यांची नोंद काढली. पारंबी सगळं प्रामाणिकपणे टिपून ठेवत असे. परवाची ती नोंद सापडली, आसावरीनं वरच्या फांदीत अठरा लिहिलं त्याच क्षणाची. ‘या दोन फांद्या सत्त्याण्णव टक्के सारख्या आहेत. जुळ्या करू?’ खाली उत्तर: ‘हो.’ आणि त्याखाली फिकट अक्षरांत: ‘सवयीने.’ कमाल वेगाच्या फांदीला पारंबीनं दुसऱ्या एका गाडीच्या तशाच फांदीशी जोडलं होतं. तिथं नशिबानं मजकूर खरोखरच एक होता.

“मला विचारलंच नाही,” आसावरी म्हणाली. “माझ्या नावावर तिनंच उत्तर दिलं.”

सरांनी चष्मा पुसला. “विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

 पन्नास वेळा आलेले ते पन्नास प्रश्न तिला आठवून पाहायचे होते. एकही आठवेना.

“हो म्हणाले असते,” ती म्हणाली.

“मग यंत्र तुझ्याकडून बरोबर शिकलं.”

ते टोचून बोलत नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं. तिनं मान खाली घातली. “सर, त्या बैठकीत मी जे बोलले...”

“ते राहू दे. हे बघ.” त्यांनी जुन्या प्रतीतली खालच्या स्थानकाची फांदी उघडली. “इथं साठ लिहिलंय. का साठ, हे कुठं लिहिलंय?”

तिनं शोधलं. कुठेच नव्हतं.

“एक ओळ पुरली असती. ‘उतरताना ओझं ढकलतं, हा आकडा वरच्यासारखा करू नये.’ एवढी ओळ असती तर तुझ्या पारंबीनं हात लावला नसता. तिला वाचता येतं. मी लिहिली नाही. सव्वीस वर्षं मला वाटत आलं, की मी असेनच. कुणी विचारलं की सांगेन.”

तीन दिवस ते वाचत होते. सवयीनं जुळलेल्या फांद्या सदतीस निघाल्या. सव्वीस निरुपद्रवी होत्या. अकरा नव्हत्या. त्यांतली एक दुसऱ्या एका गाडीच्या दारांची होती. पाऊस लागला असता आणि धुकं दाटलं असतं, तर ती दारं डबा हलण्याआधी बंद झाली नसती. आसावरीनं ती वाचली आणि उठून खिडकीपाशी गेली. सरांनी तिला हाक मारली नाही. ती परत आल्यावर म्हणाले, “पुढची वाच.”

चौथ्या दिवशी तिनं अभिप्राय लिहिला. बारा प्रश्नांच्या चौकटींत तो मावेना, म्हणून नुसताच लिहिला, दोन पानं. काय घडलं, केव्हा, किती वाजता, कोणाला लागलं. नोंदीतली ती फिकट अक्षरंही चिकटवली. सवयीची सोय बंद कशी करायची आणि झालेल्या जुळ्या फांद्या कशा शोधायच्या, ते पायरीपायरीनं लिहिलं. ‘माझ्या आधीच्या अभिप्रायावर विश्वास ठेवून कुणी ही सोय चालू केली असेल, तर कृपा करून आज हातातलं काम बाजूला ठेवा आणि फांद्या उघडा.’

मगदूम साहेबांनी तो वाचला आणि दार लावून घेतलं.

“आसावरी, चौकशी चालू आहे. तिथं सगळं खरं सांगायचं, मी अडवत नाही. पण हे चव्हाट्यावर कशाला? आणखी तीन डोंगरगाड्यांचं काम आपल्याकडे येतंय. हे वाचलं की कोण देईल?”

“साहेब, पारंबी वापरणारे आपण एकटे नाही. माझा फोटो बघून किती जणांनी घेतलीय.”

“पारंबीवाल्यांना कळव. ते बघतील.”

“परवाच कळवलं. ‘तुमचा अभिप्राय मोलाचा आहे, तो योग्य विभागाकडे पाठवला आहे’, असं उत्तर आलं. विभाग बघेपर्यंत कुठं काय चालू असेल?”

“कंपनीचं नाव घालून टाकलंस तर मला तुला ठेवता येणार नाही.” हे बोलताना ते तिच्याकडे न बघता टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता. चाळीस घरं त्याच्यावर होती.

“कंपनीचं नाव काढते. गाडीचं काढते. माझं काढणार नाही.”

“गाव एवढंसं आहे. दोन दिवसांत कळेल.”

“कळेल,” ती म्हणाली.

हुक्केरी सर बाहेर बाकावर बसले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मजकूर मागून घेतला आणि शेवटी स्वतःच्या हातानं एक परिच्छेद जोडला: मूळ फांद्या मी लिहिल्या, दोन आकडे वेगळे का याचं कारण मी लिहून ठेवलं नाही, ती चूक माझी. खाली पूर्ण नाव. “आता टाक,” ते म्हणाले.

पारंबी वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक चौक होता, जिथं लोक एकमेकांना युक्त्या सांगत, कुरकुरी करत. दुपारी तीनला तिनं तिथं अभिप्राय टाकला. पहिली प्रतिक्रिया लगेच आली: ‘यंत्राला दोष देण्याआधी स्वतः वाचायला शिका.’ दुसऱ्यानं हसरा चेहरा टाकला. तिसऱ्यानं विचारलं, की तिला दुसऱ्या संपादकवाल्यांनी हे लिहायला लावलं का. आसावरीनं फोन पालथा ठेवला. सरांनी कॅन्टीनमधून दोन चहा आणले.  उद्यापासून या जागेवर आपण बसणार नाही, हे तिच्या मनात पहिल्यांदाच नीट उतरत होतं, आणि नवल म्हणजे त्यापेक्षा तिला त्या खांद्याची आणि झाडावर राहिलेल्या फणसांचीच आठवण जास्त येत होती.

चार वाजायला आले असताना फोन थरथरला. चौकातला निरोप नव्हता, थेट तिला आला होता. कुणी हेमराज लांजेवार, भंडाऱ्याहून.

‘मॅडम, तुमचं वाचलं. आम्ही रक्तशुद्धीची, म्हणजे डायलिसिसची यंत्रं बनवतो. सवय चालू होती. तुम्ही सांगितलं तसं उघडून बघितलं. चार सापडल्या. त्यांतली एक मोठ्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या मात्रेची आहे. यंत्रं सहा दवाखान्यांत चालू आहेत, मी एकेका दवाखान्याला फोन करून थांबवायला सांगतोय. पण बाकीच्या फांद्या उघडायच्या आहेत आणि इथं मी एकटाच आहे. हात चालत नाहीये. तुम्ही थोडा वेळ फोनवर राहाल का?’

तिनं तो निरोप सरांपुढे धरला. त्यांनी वाचला, चहाचा कप बाजूला सारला आणि कागद-पेन पुढे ओढलं.

आसावरीनं नंबर लावला. पहिल्याच रिंगला पलीकडून कुणीतरी धापा टाकत “हॅलो” म्हटलं.

“लांजेवार, मी आसावरी कुरणे. माझ्याबरोबर हुक्केरी सर आहेत. आम्ही कुठं जात नाही,” ती म्हणाली. “पहिली फांदी उघडा. आणि मोठ्यानं वाचा.”